मावळ्यांवर धरलेली पांढरी झाक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : दिवाळीतील किल्ल्यासाठी मी या वर्षी प्लॅस्टिकचे सुमारे दीड इंच उंचीचे मावळे, दोन घोडेस्वार आणि एक तोफ ॲक्रिलिक रंगांनी रंगवली. रंग टिकावा म्हणून श्रावणातील एका संध्याकाळी, पाऊस उघडला असताना, गच्चीत नेऊन त्यांवर मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला. सकाळी पाहतो तो सर्वांवर पांढरट झाक आलेली; काळा घोडा तर राखाडी दिसू लागला आहे. एक मित्र थिनरने पुसून काढायला सांगतात, दुसरे खोबरेल तेल चोळायला सांगतात. काय करावे?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : थिनरची बाटली प्रथम दूर ठेवावी. पुण्याच्या बोहरी आळीतील बाजारात नुसते ‘थिनर’ म्हणून मागितल्यावर जे हाती पडते, ते बहुधा फर्निचरच्या एन. सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकरसाठीचे असते. त्यातील द्रावके व्हार्निशबरोबर आपला रंग तर उतरवतातच, पण पॉलिस्टायरीन जातीचे प्लॅस्टिकही विरघळवतात. मावळ्याचे नाक एकदा गेले की ते परत आणता येत नाही. शिवाय बिघाड रंगात नसून बहुतेक त्याच्या वरच्या थरातच आहे, तेव्हा रंग उतरवण्याचा विचार अगदी शेवटी करावा.

मॅट व्हार्निशमध्ये चमक कमी करण्यासाठी सिलिकाची अतिशय बारीक पूड मिसळलेली असते. डबा पुरेसा हलवला नाही, थर दाट बसला किंवा फवारा लांबून मारल्यामुळे थेंब हवेतच अर्धवट सुकून खाली आले, तर पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत होतो आणि त्यावर पडणारा प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. या विखुरलेल्या प्रकाशालाच आपले डोळे पांढरेपणा समजतात, आणि काळ्या रंगावर तो सर्वांत आधी दिसतो.

आपल्या बाबतीत श्रावणातील हवेनेही यात हात दिलेला दिसतो. स्प्रेमधील द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड करते आणि तो दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्याच्या, खाली गेला की हवेतील बाष्प ओल्या थरावरच जमते. हवा 24 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 90 टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे 22 अंशांवर असतो. म्हणजे पृष्ठभाग दोनच अंशांनी थंड होणे पुरेसे ठरते. हिवाळ्यातील दुपारी 28 अंश तापमान आणि 30 टक्के आर्द्रता असताना हाच दवबिंदू 9 अंशांच्या आसपास असतो. पाऊस उघडला म्हणजे हवा कोरडी झाली, असे पुण्यात पावसाळ्यात समजू नये.

आता परीक्षा. व्हार्निश पूर्ण कडक झाल्यावर, म्हणजे निदान दोन दिवसांनी, एका मावळ्याच्या पाठीवर ब्रशने स्वच्छ पाण्याचा थेंब पसरावा. ओले असेपर्यंत खालचा रंग जवळजवळ पूर्ववत दिसला आणि सुकल्यावर पुन्हा पांढरट झाला, तर दोष वरच्या खडबडीतपणाचा आहे, असे निश्चित समजावे. घासलेली काच ओली केल्यावर पारदर्शक होते, त्यामागील कारणही हेच आहे. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश पदार्थात शिरताना किती वळतो, याचे माप) 1.33 असल्यामुळे ते हे काम अर्धेमुर्धेच करते; ॲक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे 1.49 आणि सिलिकाचा सुमारे 1.46 आहे, म्हणून त्या खाचांमध्ये ॲक्रिलिकचाच थर भरला तर प्रकाशाला विखुरण्यासाठी जागाच उरत नाही.

म्हणून उपाय उलटा वाटला तरी तो ग्लॉस व्हार्निशचा आहे. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक ग्लॉस व्हार्निश किंचित पातळ करून मऊ ब्रशने एका मावळ्यावर पातळ लावावे, खाचांत साचू लागले तर कोरड्या ब्रशने टिपून घ्यावे आणि पूर्ण दिवस सुकू द्यावे. रंग परत आलेला दिसला की मगच बाकीची फौज हाती घ्यावी. ग्लॉसमुळे मावळे चकाकू लागतील, याची काळजी नको. दोन-तीन दिवसांनी त्यावर मॅट व्हार्निशचा एकच पातळ हात दिला की चमक जाते. तो हात मात्र या हवेत स्प्रेने न देता ब्रशनेच द्यावा. तोफेला तो द्यायचा की नाही, हे आपण ठरवावे. माझ्या मते धातूचा रंग मॅटखाली मरतो आणि तोफ तशीच चकाकती ठेवलेली बरी.

तेलाविषयी. परदेशी छांदिष्टांमध्ये ऑलिव्ह तेलाचा उपाय प्रचलित आहे आणि तो चालतोही, कारण त्या तेलाचा अपवर्तनांक सुमारे 1.47 आहे. परंतु ते कधीच वाळत नाही, त्यावर धूळ चिकटते आणि पुढे कोणतेही व्हार्निश नीट धरत नाही. खोबरेल तेलाची अडचण याहून मजेशीर आहे. ते साधारण 24 अंशांखाली गोठते, त्यामुळे आश्विनात काळाभोर झालेला घोडा थंडी पडताच पुन्हा पांढुरका होण्याची शक्यता आहे. जवसाचे तेल वाळते खरे, पण पिवळे पडते.

पाण्याच्या परीक्षेने काहीच फरक पडला नाही, तर पांढरेपणा थराच्या आत, म्हणजे अडकलेल्या ओलाव्यात किंवा फार दाट बसलेल्या पुडीत आहे. अशा वेळी मूर्ती झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठवडाभर ठेवून पाहावे. त्यानेही भागले नाही, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने रंगासकट सर्व उतरवून नव्याने रंगवणे एवढेच उरते. हे द्रव पॉलिस्टायरीनला सहसा इजा करत नाही. तरी हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि जवळपास गॅस किंवा निरांजन पेटलेले नसावे.

पुढील वेळी स्प्रेच वापरायचा असेल, तर कोरडी दुपार निवडावी, डबा दोन मिनिटे हलवावा, 20 ते 30 सेंटिमीटरवरून झटपट हात फिरवावा आणि पहिला हात नेहमी टाकाऊ प्लॅस्टिकच्या चमच्यावर मारून पाहावा.

प्रश्न : मी ब्रशने लावायचे, पाण्यात मिसळणारे व्हार्निश वापरते. मूर्तीच्या पदराच्या चुण्यांत ते दुधासारखे पांढरे राहते. हाही तोच दोष का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही. असे व्हार्निश बाटलीत मुळातच दुधी असते. पाणी उडून गेल्यावर त्यातील ॲक्रिलिकचे कण एकमेकांत मिसळतात आणि थर पारदर्शक होतो. चुण्यांत ते जाड साचल्यामुळे वरची साय आधी धरते आणि आतील पाणी अडकते. पंख्याच्या वाऱ्यात चार-पाच दिवस वाट पाहावी. हेअर ड्रायर लावायचाच असेल, तर थंड हवेवर आणि दुरून लावावा.

प्रश्न : कसब्यातील कुंभारवाड्यातून आणलेल्या मातीच्या चित्रांना (छोट्या मूर्तींना) मी घरी व्हार्निश दिले होते. गेल्या दिवाळीत किल्ल्यावर मांडल्यावर चौथ्या दिवशी त्यांच्या पायांवर पांढरे डाग आले आणि रंगाचे पोपडे निघाले. व्हार्निश खराब होते का?
— एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : पायांपासून वर चढणारा पांढरेपणा बहुधा व्हार्निशचा नसून लोण्याचा, म्हणजे मातीतून फुटून येणाऱ्या क्षारांचा, असतो. किल्ल्यावर आपण अळीव पेरतो आणि तो उगवावा म्हणून रोज पाणी शिंपडतो. मातीच्या चित्राचा तळ सहसा रंगवलेला नसतो, त्यामुळे ते पाणी तळातून शोषले जाऊन वर चढते, मातीतील क्षार सोबत नेते आणि बाहेर पडताना ते पृष्ठभागावर सोडते. वरून लावलेले व्हार्निश जितके घट्ट, तितका आतून दाब वाढून पोपडा लवकर सुटतो.

डाग पाण्याने धुऊ नयेत, कारण क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि सुकल्यावर परत दिसू लागतात. चित्रे आठवडाभर उन्हात वाळवून कोरड्या ब्रशने क्षार झाडून टाकावेत, सुटलेला रंग खरवडून त्या जागा पुन्हा रंगवाव्यात आणि व्हार्निशचे दोन हात मुख्यतः तळाला द्यावेत. किल्ल्यावर मांडताना प्रत्येक चित्राखाली प्लॅस्टिकचा तुकडा किंवा फरशीची कपची ठेवून ती मातीने झाकून टाकावी, आणि चित्रांच्या भोवती वीतभर जागेत अळीव पेरू नये.