टिपण वेगळे, ध्वनिफीत वेगळी

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी नाशिकला संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आजोबांनी पंचवटीत टेप केलेली कीर्तने तिने संगणकावर उतरवली आणि आता सुटीभर ती त्यांवर टिपणे काढत असते. यातून पोटापाण्याचे काही निघेल का, असे आपण विचारले आहे.

निघेल, मात्र टिपणे ठेवण्याची रीत तिला बदलावी लागेल. आपण पाठवलेल्या नमुन्यात दुसऱ्या कॅसेटच्या बारा मिनिटे चाळीस सेकंदांवर पूर्वरंग संपून नामगजर सुरू होतो, असे तिने नोंदवले आहे. कान तयार असल्याशिवाय अशी नोंद होत नाही, याचे मला मनापासून कौतुक वाटले. पण ती नोंद एकाच सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये अडकली आहे. ते सॉफ्टवेअर बंद पडले की नोंदही गेली. वेबची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने २०१७ मध्ये वेब अ‍ॅनोटेशनचे, म्हणजे वेबवर टिपणे जोडण्याचे, खुले मानक प्रसिद्ध केले. त्यात टिपण मूळ ध्वनिफितीपासून वेगळे राहते आणि ‘या फितीचे ७६० ते ७८५ सेकंद’ असा नेमका पत्ता सोबत बाळगते, त्यामुळे फीत नाशिकला असली तरी पुण्यातला अभ्यासक तिला हात न लावता आपले टिपण जोडू शकतो. मुळात चित्रे आणि हस्तलिखिते वेबवर दाखवण्यासाठी निघालेल्या ट्रिपल-आय-एफ (IIIF) या मानकाने २०२० च्या तिसऱ्या आवृत्तीत ध्वनी आणि चित्रफितीही सामावून घेतल्या. तिने ही दोन मानके शिकावीत.

खुले मानक म्हणजे खुला परवाना नव्हे, हेही तिला आवर्जून सांगा. कीर्तन सर्वांसाठी खुले करण्याआधी बुवांची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी घ्यावी लागेल.

ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये, विद्यापीठे आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्था यांना अशा कामाची गरज असते. तरी जागा थोड्या आणि पुष्कळदा प्रकल्पापुरत्या असतात, म्हणून पदवी अर्धवट सोडू नये. पुढे ग्रंथालय व माहितीशास्त्र शिकल्यास संगणक आणि सूचीकरण दोन्ही जाणणारी व्यक्ती म्हणून तिला निश्चित मागणी राहील.

तूर्त तिने एकच कीर्तन घ्यावे, पूर्वरंग-उत्तररंगाची अनुक्रमणिका ट्रिपल-आय-एफ मानकात बसवावी, युनिव्हर्सल व्ह्यूअर या मुक्त प्लेअरमध्ये ते वाजवून पाहावे आणि अर्ज करताना तोच नमुना सोबत जोडावा.