प्रेत म्हणजे भूत नव्हे

इंदूरहून एका ताईंचा प्रश्न आहे. घरातल्या आजी गेल्या. नातलगांना पाठवायच्या निरोपात 'प्रेतयात्रा' लिहिलं, तर मुलं दचकली: प्रेत म्हणजे भूत ना? मग 'प्रेतयात्रा' लिहावं की 'अंत्ययात्रा'?

मुलं दचकणारच. शाळा हिंदी, शेजार हिंदी, आणि हिंदीत 'भूत-प्रेत' ही जोडी कायमची. पण आपल्याकडची मोठी माणसंसुद्धा 'प्रेत' टाळून 'पार्थिव आणलं' म्हणू लागली आहेत, ते मला सहन होत नाही. पार्थिव म्हणजे मातीचं. मातीच्या गणपतीलाही पार्थिव म्हणतात. 'पार्थिव देह' म्हणा, नाहीतर सरळ 'देह' म्हणा.

शव हा अर्थ सगळ्यांना माहीत आहे, तो सोडतो. शब्द फोडा: प्र + इत. 'इ' म्हणजे जाणे. प्रेत म्हणजे पुढे गेलेला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौदावं सूक्त गेलेल्या माणसाला उद्देशून म्हणतं, 'प्रेहि प्रेहि पथिभिः पूर्व्येभिर्यत्रा नः पूर्वे पितरः परेयुः'. जा, पुढे जा, आपले पूर्वज ज्या जुन्या वाटांनी गेले त्याच वाटांनी. 'प्रेहि' आणि 'प्रेत' एकाच धातूचे, उपसर्गही तोच. ज्याला 'प्रेहि' म्हणून निरोप दिला, तो प्रेत! त्याच सूक्तात ही वाट सर्वांत आधी यमाने शोधली असं म्हटलंय. म्हणजे तिथे यम वाटाड्या आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातही एका ओळीत 'परेत' आणि 'प्रेत' शेजारी शेजारी येतात, तिथे अर्थ फक्त मृत. भुताचा त्या ओळीत मागमूस नाही.

माझं तर ठाम मत आहे की घरच्या माणसाबद्दल आपण 'मेले' न म्हणता 'गेले' म्हणतो, त्यामागे हाच 'प्रेहि' आहे. ही नुसती सौम्य बोली आहे, जगभर असंच म्हणतात, असं भाषाशास्त्रवाले सांगतात. मला ते पटत नाही. सौम्य बोली कुठे गेले ते सांगत नाही. आपले विधी सांगतात. बाराव्याच्या सपिंडीकरणात प्रेताच्या पिंडाचे तीन भाग करून ते आधीच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळतात. तिथून पुढे त्या माणसाला प्रेत म्हणत नाहीत, पितर म्हणतात. तो आपल्या माणसांत पोचला. रडणाऱ्या घराला याहून मोठा आधार मला माहीत नाही.

म्हणूनच गरुडपुराण लावून नुसत्या यमयातना वाचणाऱ्यांशी माझा वाद आहे. दुःखात बसलेल्यांना नरकांची यादी कशाला ऐकवता? याच परंपरेत कठोपनिषदातला नचिकेता खुद्द यमाला विचारतो की माणूस 'प्रेत' झाल्यावर काही जण म्हणतात तो आहे, काही म्हणतात तो नाही, यातलं खरं काय? आणि 'प्रेत' हाच शब्द तो किती आदराने वापरतो!

निरोपात 'अंत्ययात्रा' लिहा, चुकीचं काहीच नाही. मुलांना मात्र सांगा, आजी पुढे गेल्या आहेत, आणि पुढे त्यांची आई-आजी आहे.