स्कॅनर नंतर, आधी वही: वाचनालयातले जुने पेपर आणि भिंतीवरच्या तसबिरी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोकणातल्या तुमच्या गावच्या बाजारपेठेतलं शंभरी ओलांडलेलं वाचनालय, माळ्यावर जुन्या साप्ताहिकांचे आणि दैनिकांचे गठ्ठे, सभागृहाच्या भिंतींवर तीस-चाळीस तसबिरी, आणि स्कॅनिंगसाठी एका देणगीदारानं देऊ केलेले पैसे. कार्यकारिणीतल्या काहींचं म्हणणं असं की पेपर एकदा स्कॅन झाले की रद्दीत घालू, जागा मोकळी होईल, आणि चित्रं गावातल्या पेंटरकडून ‘ताजी’ करून घेऊ. तुम्ही नव्यानं समितीवर आलात आणि विचारताय, सुरुवात कुठून करू?

वहीपासून करा. एक जाड, शिवलेली वही आणि दोन पेन्सिली. स्कॅनर पुढच्या वर्षी आला तरी काही बिघडत नाही. रद्दी मुळीच नाही, आणि पेंटर तर नाहीच नाही. मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका जुन्या वाचनालयात बावीस वर्षं हे काम बघतोय, आणि आमचं जे नुकसान झालं ते बहुतेक यादी नसल्यामुळे झालं. वाळवीनं खाल्लं त्यापेक्षा जास्त, काय आहे हे माहीत नसल्यानं गेलं.

आधी पेपरांचं बोलू. तुमच्या माळ्यावरचे सगळे गठ्ठे सारख्या मोलाचे नाहीत. ‘केसरी’ किंवा ‘ज्ञानप्रकाश’सारख्या पुण्याच्या मोठ्या पेपराची फाइल तुमच्याकडे असेल तर आनंदच आहे, पण ती पुण्या-मुंबईतही बघायला मिळते. मुंबईतली एशियाटिक सोसायटी आहे, १८९८ पासूनचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तालुक्याच्या गावी चार पानं छापून निघणारं साप्ताहिक मात्र तुमच्या माळ्याशिवाय कुठेही नसण्याची शक्यता मोठी. वृत्तपत्राचा अंक राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवण्याचं बंधन आलं १९५४ च्या कायद्यानं, आणि वृत्तपत्रांना ते लागू झालं १९५६ मध्ये. त्याआधीचं गावचं साप्ताहिक टिकलं ते कुणीतरी वर्गणी भरून घेतलं आणि वाचनालयानं गठ्ठा बांधून ठेवला म्हणून. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीतून ‘जगन्मित्र’ आणि ‘सत्यशोधक’ निघत होते. त्यांचा एखादा सुटा अंक जरी तुमच्या गठ्ठ्यात निघाला तरी तो कपाटात कुलपाखाली गेला पाहिजे.

एक गोष्ट समितीला जरूर सांगा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं. ‘दर्पण’ निघालं ६ जानेवारी १८३२ ला, आणि ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. म्हणजे मराठीत पहिलं वृत्तपत्र निघण्याच्या चार वर्षं आधी आपल्या किनाऱ्यावर वाचनालय उभं होतं. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. आपल्याकडे पेपर वाचण्याची आणि ठेवण्याची चाल इतकी जुनी आहे. ती आपल्या हातून रद्दीच्या काट्यावर जाऊ नये, एवढं मला मनापासून वाटतं.

‘त्या चार पानांत असतं काय?’ असं कुणी विचारेलच. बोटींच्या वेळा असतात. पावसाळ्यात बोटी बंद झाल्याच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू झाल्याच्या बातम्या असतात. सुपारी-नारळाचे भाव, कुळांच्या दाव्यांच्या नोटिसा, प्लेगच्या काळातली पत्रकं, मुंबईत गिरणीत असलेल्या चाकरमान्यांनी गावच्या शाळेला पाठवलेल्या देणग्यांच्या याद्या. १९२४ ते १९३७ सावरकर रत्नागिरीत होते, १९३१ मध्ये सगळ्या जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. त्या वर्षांत अस्पृश्यतेच्या प्रश्नावर गावोगाव जे वाद झाले, त्यातली दोन्ही बाजूंची सामान्य माणसं काय म्हणत होती हे वाचकांच्या पत्रांतच सापडतं. १७ जुलै १९४७ ला रेवसला जाणारी ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आकडा सगळीकडे मिळतो. आपल्या वाडीतलं कोण गेलं हे शोधायला माणूस शेवटी गावच्या पेपराकडेच येतो. माझ्याकडे अशी माणसं आली आहेत. आजीचं ऐकलेलं नाव घेऊन, फक्त महिना माहीत असलेली.

आता वहीत काय लिहायचं. पेपराचं नाव, वर्ष, अंक, तारीख, पानं किती हवीत आणि किती आहेत, अवस्था कशी. मुख्य म्हणजे जो अंक नाही त्याचीही ओळ घाला आणि समोर ‘नाही’ लिहा. या ‘नाही’ला किती किंमत आहे ते पुढे सांगतो. जुन्या अंकांवर बऱ्याचदा शक आणि तिथी ठळक असते. शकात ७८ मिळवा, म्हणजे शके १८५० हे गुढीपाडव्यापासून १९२८-२९. पौष-माघातले अंक पुढच्या इसवी सनात जातात, तिथे लक्ष ठेवा. अंक क्रमांकावर आंधळा विश्वास नको, छापखान्यात चुका होत. पेनानं काहीही लिहू नका, वहीत नाही आणि पेपरावर तर मुळीच नाही. आपल्या हवेत शाई पसरते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी पेपर आणि चित्रं हे दोन वेगळे विषय मानत नाही.

आमच्या सभागृहात पश्चिमेच्या भिंतीवर लक्ष्मीची एक तसबीर होती, छापील. एका पावसाळ्यात चिऱ्याची भिंत पाझरली आणि चौकटीची पाठ फुगली, म्हणून उतरवली. मागे खोक्याच्या पातळ फळ्या, बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या. खिळे गंजून फळीत रुतले होते. टेबलावर जुनी चादर घातली, तसबीर पालथी ठेवली आणि पकडीनं एकेक खिळा काढत बसलो. दुपार गेली. फळ्या निघाल्या तर खाली वर्तमानपत्राचे तीन ताव, एकावर एक, खळीनं चिकटवलेले. वरच्याची कसरीनं चाळण केली होती. मधला बराच शाबूत. नावाची पट्टी अर्धी कापलेली, पण उजव्या कोपऱ्यात वर्ष आणि अंक स्वच्छ वाचता येत होता. आमच्या ग्रंथपालबाईंनी वही आणली, बोट फिरवत खाली आल्या आणि थांबल्या. त्या अंकासमोर त्यांच्याच अक्षरात ‘नाही’ लिहिलेलं होतं.

त्या काळी चौकट करणारे मागे रद्दी लावत, आणि रद्दी गावातल्या पेपराचीच असे. वहीत तो ‘नाही’ नसता तर तो ताव आम्ही फळ्यांबरोबर बंबात घातला असता, हे मी आजही विसरत नाही. म्हणून तुमच्या तसबिरींच्या पाठी पेपरांची यादी झाल्यावरच उघडा.

त्या रद्दीनं चित्राचं मात्र वाईट केलं होतं. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल. तोच कागद पिवळा पडून तुकडे होतो आणि ज्याला टेकतो त्यालाही करपवतो. लक्ष्मीच्या पाठीवर तावाच्या कडेची तपकिरी रेघ जशीच्या तशी उमटली होती. चिकटलेला ताव आम्ही स्वतः पाण्यानं सोडवायला गेलो नाही. ते काम शिकलेल्या माणसाचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, अशा वेळी सल्ला तिथूनच घ्यावा.

चित्रांची यादीही याच पद्धतीनं करा, फक्त पाठीला पुढच्या बाजूइतकाच मान द्या. मागे देणगीदाराचं नाव असतं, चौकटवाल्याची चिठ्ठी असते, कधी मोडीत दोन ओळी असतात. मोडी वाचणारं कुणी मिळेपर्यंत फोटो काढून ठेवा. पुढून बघताना भिंग वापरा. लांबून तैलरंगाचं वाटणारं चित्र भिंगाखाली बारीक ठिपक्यांचं निघालं तर ते छापील आहे. रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुण्याचा ‘चित्रशाळा’ छापखाना त्याआधीचा, १८७८ चा. त्यांची चित्रं कोकणात घरोघरी होती आणि वाचनालयांनाही भेट येत. छापील आहे म्हणून अडगळीत टाकू नका. हातानं काढलेल्या व्यक्तिचित्रांत कोपऱ्यात सही शोधा. ‘दिव्याचा उजेड हातानं आडोसा धरून नेणारी बाई’ हे म्हैसूरचं प्रसिद्ध जलरंगातलं चित्र लोक बिनदिक्कत रविवर्म्यांच्या नावावर घालतात, आणि ते काढणारे सावळाराम हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मलेले. आपल्याच मातीतल्या चित्रकाराचं नाव आपल्यालाच माहीत नसावं, याचं वाईट वाटतं. तुमच्या भिंतीवरच्या एखाद्या संस्थापकाच्या चित्राखाली गावच्या ड्रॉइंग मास्तरांची सही निघेल. तीही तितक्याच काळजीनं वहीत घ्या. त्यांचं दुसरं चित्र कुठे उरलं असेल, कुणी सांगावं.

पेंटरबद्दल इतका कडक का आहे ते सांगतो. किनाऱ्यावरच्याच एका वाचनालयानं संस्थापकांचं तैलचित्र असं ‘ताजं’ करून घेतलं. माणूस प्रामाणिक होता, त्यानं मेहनतही केली. पण कोटाच्या बाहीवरच्या सगळ्या छटा एका काळ्या रंगाखाली गेल्या, डोळे नव्यानं काढले आणि वरून फर्निचरचं वॉर्निश मारलं. मी ते चित्र आधी पाहिलं होतं. आता ते भिंतीवर आहे, पण तो माणूस त्यात नाही.

पावसाचं थोडक्यात. तुमची इमारत चिऱ्याची असणार. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. तसबिरींच्या मागच्या चारी कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळते. पश्चिमेच्या भिंतीवरचं सगळं मृगाआधी उतरवा. गठ्ठे प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत घाम धरून बुरशी येते. जुनं धुतलेलं सुती कापड घ्या, पोथ्यांना बासन बांधतात तसं बांधा, कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवा. वैशाखात गादीसारखे पेपर उन्हात घालण्याची आपल्याकडे हौस असते, तेही नको. सावलीत, वाऱ्याला. फाटलं तर सेलोटेप कधीच नाही. दहा वर्षांत तिचा गोंद कागदात उतरतो आणि अक्षर घेऊन जातो. लॅमिनेशनवाला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पुराचा विचार आजच करा. चिपळूणच्या वाचन मंदिरानं जुलै २००५ चा पूर सोसला आणि २२ जुलै २०२१ चाही. तुमचं गाव खाडीकाठी असेल तर खालच्या मजल्यावर एकही दुर्मीळ गठ्ठा ठेवू नका. भिजलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते. इतक्या वेळात सगळं वाळवणं शक्य नसतं, तेव्हा भिजलेले गठ्ठे उलगडत न बसता जसेच्या तसे गोठवतात आणि मग सवडीनं, जाणकाराच्या देखरेखीखाली वाळवतात. आपल्या किनाऱ्यावर मासळीचे मोठे फ्रीझर ठिकठिकाणी आहेत. अशा एखाद्या मालकाशी आताच, कोरड्या दिवसात बोलून ठेवा. आमच्या बंदरावरच्या मालकानं एका शब्दात हो म्हटलं, वर विचारलं की पेटीत भरून आणाल ना, म्हणजे मासळीच्या पाण्याचा स्पर्श नको.

आता स्कॅनिंग. यादी झाली की कोणते गठ्ठे आधी ते आपोआप ठरतं: फक्त तुमच्याकडे असलेलं आणि सर्वात मोडकळलेलं पहिलं. कंत्राटदाराला लेखी सांगा की शिवण कापायची नाही, वरून फोटो घेणारं यंत्रच वापरायचं, आणि किमान ४०० डीपीआयच्या (म्हणजे इंचाला ४०० ठिपक्यांच्या) मूळ फाइल तुमच्या ताब्यात द्यायच्या. तीन प्रती, त्यातली एक गावाबाहेर. मजकूर शोधता येईल असं आश्वासन मिळालं तर आधी दहा पानं करून बघा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचं ‘कांहीं’, ‘केलें’, ‘त्यांत’ यंत्राला नीट वाचता येत नाही, त्यात छपाईचे खिळे झिजलेले. मजकूर नेटवर टाकण्याआधी हक्क कुणाचे ते बघा; नाव घालून लिहिलेल्या मजकुरावर लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं हक्क राहतात.

आणि मूळ पेपर ठेवायचेच. आमच्या पहिल्या स्कॅनिंगमध्ये एका पूर्ण वर्षाच्या अंकांची आतली बाजू शिवणीत धूसर आली, हे तीन वर्षांनी एका विद्यार्थिनीनं दाखवलं. गठ्ठा होता म्हणून पुन्हा काढता आलं.

पहिल्या महिन्यात माळ्यावरचा एकच गठ्ठा घ्या, सर्वात खालचा. कॉलेजची दोन मुलं आणि जुनं अक्षर वाचणारे एखादे निवृत्त गुरुजी पुरेत. नाकातोंडाला रुमाल बांधा, धूळ फार असते. पहिली दहा पानं वहीत उतरली की फोटो इथे टाका, तारखा जुळवायला मी बसतो.