ऋण उत्तर केव्हा सोडावे?

प्रश्न : जमिनीपासून २५ मीटर उंच कठड्यावरून एक चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर तो जमिनीवर केव्हा पडेल, या शाब्दिक उदाहरणात मला ५ आणि −१ अशी दोन उत्तरे आली. ऋण उत्तर खोडावे, असे मला सांगण्यात आले. मात्र चेंडू ४० मीटर उंचीवर केव्हा असेल, या उपप्रश्नात दोन्ही उत्तरे ठेवायची होती. मग नियम नेमका कोणता?

उत्तर : आपली आकडेमोड बिनचूक आहे. ‘ऋण दिसले की खोडा’ हा मात्र नियम नव्हे, ती एक पळवाट आहे, आणि बहुतेक वेळा तिने काम भागते म्हणूनच ती फसवी आहे.

फेकल्यापासून क्ष सेकंदांनी चेंडूची उंची २५ + २०क्ष − ५क्ष² मीटर असते. गुरुत्वाकर्षण नसते तर चेंडू २०क्ष मीटर वर गेला असता; ५क्ष² ही गुरुत्वाकर्षणामुळे त्यात पडलेली तूट होय (गुरुत्वीय त्वरण ९.८ ऐवजी १० धरले आहे आणि हवेचा विरोध विचारात घेतलेला नाही). जमिनीवर उंची शून्य, म्हणून क्ष² − ४क्ष − ५ = ०, आणि त्याची मुळे आपण काढली तीच.

आता −१ हे मूळ निरर्थक आहे का? तसे मुळीच नाही. कोणी एक सेकंद आधी जमिनीवरूनच सेकंदाला ३० मीटर वेगाने चेंडू वर फेकला असता, तर शून्याव्या सेकंदाला तो बरोबर २५ मीटर उंचीवर, बरोबर २० च्या वेगाने वर जात असता, आणि तेथून पुढचा त्याचा सारा प्रवास आपल्या चेंडूसारखाच झाला असता. चेंडू कोठून फेकला हे समीकरणाला कळत नाही, म्हणून ते या न घडलेल्या फेकीचीही वेळ सांगते. आपला चेंडू तेव्हा हातातच होता. त्याच्यासाठी हे सूत्र ० ते ५ सेकंद एवढ्याच काळापुरते खरे आहे. मूळ या काळात बसते की नाही, एवढेच पाहावयाचे असते.

४० मीटरसाठी क्ष² − ४क्ष + ३ = ०, म्हणजे १ आणि ३; एकदा वर जाताना, एकदा खाली येताना. ‘पहिल्यांदा केव्हा’ असे विचारले असते, तर ३ हे धन असूनही सोडावे लागले असते. उलट, चेंडू सर्वांत उंच असताना, म्हणजे दुसऱ्या सेकंदाला, घड्याळ सुरू केले असते तर हीच उत्तरे −१ आणि १ अशी आली असती, आणि त्यातले ऋण उत्तर ठेवणेच योग्य ठरले असते. म्हणून क्ष म्हणजे केव्हापासूनचे सेकंद, हे समीकरण मांडण्यापूर्वी शब्दांत लिहून ठेवावे.

सवड मिळाल्यास ५० मीटरही घालून पाहा: विवेचक (मुळे काढण्याच्या सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) −४ येतो आणि वास्तव मूळच मिळत नाही, कारण चेंडू ४५ मीटरच्या वर जातच नाही.