शिळा पाव, मोसंबीची सालं आणि मेंढीचं कोठीपोट

तुम्ही विचारलंय की ईदसाठी भिवंडीजवळ ठेवलेल्या मेंढ्यांना ज्यूसवाल्याकडची मोसंबीची सालं, रसवंतीची चिपाडं, बेकरीतला शिळा पाव आणि डाळ मिलची चुनी (डाळीचा बारीक चुरा आणि साल) घातली तर चालेल का, आणि पोटातल्या सूक्ष्मजीवांचं काय होईल. चालेल, पण पावाचा नंबर सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात, कारण पाव जवळपास फुकट मिळतो आणि मेंढ्या त्यावर तुटून पडतात.

कोठीपोट म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला, मोठा कप्पा. त्यातल्या एका मिलिलिटर द्रवात हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात, शिवाय प्रोटोझोआ आणि बुरशी. चारा खरा तेच पचवतात. त्यातले तंतू फोडणारे जिवाणू सामू (pH, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 6 च्या खाली गेला की मंदावतात. पावातला मैदा बारीक दळलेला, वर भाजलेला, त्यामुळे त्यातलं पिष्ट झपाट्याने आंबतं. मग स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिससारखे लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू फोफावतात, आणि ते आम्ल संपवणारे मागे पडतात. सामू 5.5 च्या खाली घसरला की मेंढी रवंथ सोडते. रवंथ नाही म्हणजे लाळ कमी, आणि आम्ल मारणारा सोडा त्या लाळेतूनच पोटात जात असतो. इथून पुढे बिघाड वेगाने वाढतो.

मोसंबीच्या सालीतही ऊर्जा भरपूर, पण बरीचशी पेक्टिन या विरघळणाऱ्या तंतूमधून येते. पेक्टिन आंबताना मुख्यतः ॲसिटिक आम्ल तयार होतं, लॅक्टिक अगदी थोडं. शिवाय सामू उतरला की पेक्टिन फुटायचंही मंदावतं. म्हणून सालीच्या बाबतीत थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं. तिची खरी अडचण पाणी. मुंबईच्या दमट हवेत ढीग एका रात्रीत गरम होतो. त्याच दिवशी घाला, नाहीतर चिरून ताडपत्रीवर कडक वाळवा. बुरशी दिसली तर पूर्ण ढीग टाका, वरचा थर काढून भागत नाही.

चिपाडांनी नुसतं पोट भरतं. त्यात लिग्निन, म्हणजे न पचणारा लाकडासारखा भाग, जास्त आणि नत्र जवळजवळ नाही, आणि नत्राशिवाय तंतू फोडणारे जिवाणू वाढणार कसे? ते काम चुनी करते, म्हणून चिपाडं बारीक करून तिच्यासोबतच द्या. सकाळी मात्र आधी भाताचा पेंढा, बाकी सगळं नंतर.

नव्या खाद्याला सूक्ष्मजीव रुळायला दोन-तीन आठवडे लागतात. ईदच्या आठ-दहा दिवस आधी आणलेल्या मेंढ्यांना तेवढा वेळच नसतो, त्यांना पाव अजिबात नको. आधीपासून असलेल्यांना चिमटीने सुरुवात करा, आणि सुक्या वजनात एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्श्यावर मी तरी जाणार नाही. खुराक वाढवण्याआधी आंत्रविषाराची (आतड्यात जिवाणूंचं विष तयार होणारा रोग) लस झालीय का तेही बघा. गोठ्यातलं गाईचं मिनरल मिक्श्चर मेंढ्यांना घालू नका, तांबं त्यांना पटकन बाधतं.

लेंड्यांच्या जागी आंबूस वासाचं पातळ शेण दिसलं की पाव आणि चुनी लगेच बंद, पुढे फक्त पेंढा आणि पाणी. मेंढी डोकं खाली घालून उभी असेल, रवंथ करत नसेल तर वाट न बघता पशुवैद्याला बोलवा. निरोगी जनावराच्या कोठीपोटातला रस आजारी जनावराला पाजण्याचा उपचार डॉक्टर करतात, तो आपल्याकडे होईल का ते त्यांना विचारा.