मेल कोरी नाही, किल्ली फोनवर नाही

तुमची मेल बिघडलेली नाही आणि आयफोनही बिघडलेला नाही. मेल कुलूपबंद आहे आणि त्या कुलपाची किल्ली तुमच्या ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये आहे. ती फोनवर न्यायची का आणि न्यायची तर कशी, एवढाच खरा प्रश्न आहे.

तुम्ही सांगितलंय त्यावरून मला समजलं ते असं: तुम्ही चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहात. जर्मन ग्राहकाच्या मेल लॅपटॉपवरच्या आउटलुकमध्ये नीट उघडतात. फोनवर मात्र नुसता विषय दिसतो, आत कोरं पान आणि 'एसमाइम.पी७एम' नावाची फाइल. ती मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करून पाहिली, मिस्टरांच्या सॅमसंगवर पाहिली, शेवटी 'पी७एम ओपनर' असं एक ॲपही उतरवलं. काही उपयोग झाला नाही.

ते ॲप आधी काढून टाका. पी७एम म्हणजे नुसतं पाकीट. त्यात कधी सही केलेला कागद असतो, कधी कुलूप लावलेला. इटलीत डिजिटल सही केलेली कागदपत्रं सर्रास पी७एम फाइल म्हणून फिरतात, आणि असली बरीचशी ॲप्स त्यासाठीच बनलेली असतात. सही केलेलं पाकीट कुणालाही उघडता येतं. तुमचं कुलूपबंद आहे, ते जगातलं कुठलंही 'ओपनर' किल्लीशिवाय उघडू शकणार नाही. आणि 'तुमची किल्ली इथे अपलोड करा, आम्ही उघडून देतो' म्हणणारी एखादी वेबसाइट सापडलीच, तर तिथून सरळ मागे फिरा.

हा प्रकार एस/माइमचा आहे, म्हणजे मेल कुलूपबंद करण्याच्या आणि तिच्यावर सही करण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीचा. पाठवणाऱ्याचा संगणक त्या एका मेलपुरती किल्ली तयार करतो, तिने मजकूर बंद करतो, आणि मग ती किल्लीच तुमच्या सर्टिफिकेटमधल्या (म्हणजे तुमच्या मेलच्या पत्त्याच्या डिजिटल ओळखपत्रातल्या) सार्वजनिक, कुणालाही देता येणाऱ्या किल्लीने बंद करून सोबत पाठवतो. ती सोडवायला सार्वजनिक किल्लीची जोडीदार, फक्त तुमच्याकडे असलेली खाजगी किल्ली लागते. मेल फॉरवर्ड केली की पाकीट पुढे जातं, खाजगी किल्ली जात नाही. म्हणून जीमेलवर आणि मिस्टरांच्या फोनवर तेच कोरं पान दिसलं. विषयाची ओळ मात्र या पद्धतीत उघडीच राहते. म्हणजे आतला ड्रॉइंगचा मजकूर कडीकुलपात आणि विषयात पार्ट नंबर, ग्राहकाचं नाव, प्रकल्पाचं सांकेतिक नाव सगळं खुलं, असं मी कितीदा पाहिलंय. उत्तर देताना तेवढं सांभाळा.

पुढे जाण्याआधी एक खात्री करा, कारण 'कोरी मेल' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी वेगळ्याच निघतात. फाइलच्या नावात शेवटी पी७एस असेल तर ती फक्त सही आहे, मजकूर वर दिसतोच, घाबरायचं कारण नाही. 'विनमेल.डॅट' असेल तर एन्क्रिप्शनचा, म्हणजे कुलपाचा, काही संबंध नाही, पाठवणाऱ्याचं आउटलुक जुन्या सवयीने सगळं एका गाठोड्यात बांधतंय. त्याला साध्या एचटीएमएल स्वरूपात पाठवायला सांगा. 'मेसेज.आरपीएमएसजी' किंवा 'रीड द मेसेज' असं बटण आलं, तर ती मायक्रोसॉफ्टची पद्धत. ऑफिसचं खातं मोबाइलच्या आउटलुक ॲपमध्ये जोडलेलं असेल तर ती तिथे सहसा सरळ उघडते. नसेल तर बटण दाबून ऑफिसच्या खात्याने लॉगिन करायचं किंवा एकदाच चालणारा कोड मागवायचा. कोड १५ मिनिटं चालतो आणि बरेचदा स्पॅममध्ये जाऊन बसतो. या बटणाची नक्कल करून पासवर्ड चोरणाऱ्या मेलही फिरतात, तेव्हा अनपेक्षित मेल आली तर बटणाला हात लावण्याआधी पाठवणाऱ्याला एक फोन करा. आणि बँका पाठवतात ती 'नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख'वाली पीडीएफ? तिथे कुलूप फाइलला आहे, मेलला नाही.

तुमची पी७एमच आहे. तेव्हा लॅपटॉपकडे वळू.

विंडोजच्या शोधपट्टीत 'मॅनेज युजर सर्टिफिकेट्स' टाका, 'पर्सनल'मध्ये जा, तिथलं 'सर्टिफिकेट्स' उघडा. तुमच्या मेलच्या पत्त्याचं सर्टिफिकेट दिसेल. एकाहून जास्त असतील तर त्यांवर पुढे बोलते. त्यावर राइट क्लिक, 'ऑल टास्क्स', 'एक्स्पोर्ट'. दुसऱ्या पानावर विचारतील, खाजगी किल्ली सोबत घ्यायची का. 'येस' निवडता आलं तर किल्ली बाहेर काढता येते. तो पर्याय फिकट असेल तर तुमच्या आयटीवाल्यांनी ती मुद्दाम अडवून ठेवली आहे. मग तिथेच थांबायचं आणि त्यांच्याकडे जायचं. आडवाटेने किल्ली काढून देणारी साधनं असतात, पण त्या वाटेने गेलात तर पुढच्या ऑडिटमध्ये तुमचं नाव येईल.

किल्ली निघते असं दिसलं तरी आधी आयटीला विचाराच. फोन तुमचा असला तरी मेल कंपनीची आहे. त्यातून वाहन उद्योगातल्या ग्राहकांशी गोपनीयतेचे करार असतात, आणि स्वतःच्या फोनवर त्यांची मेल वाचायला परवानगी आहे की नाही हे बरेचदा त्यातच लिहिलेलं असतं.

परवानगी मिळाली की बाहेर येणारी फाइल पीएफएक्स असते, कुठे तिला पी१२ म्हणतात. दोन्ही एकच. पासवर्ड ठेवावाच लागतो, आयफोनला बिनपासवर्डची चालत नाही. आता इथे एक खाच आहे, जिच्यात मी स्वतः एक अख्खी दुपार घालवली. एका सहकाऱ्याचा आयफोन म्हणत होता, पासवर्ड चुकीचा. पासवर्ड बरोबर होता, मी तो चार वेळा टाइप केला, कागदावर लिहून केला, शेवटी 'एबीसी१२३' ठेवून केला. तरी चुकीचाच. पासवर्डचा दोषच नव्हता. फाइल ज्या नव्या पद्धतीने बंद केली होती ती त्या फोनला वाचता येत नव्हती, आणि 'वाचता येत नाही' असं सांगायचं सोडून तो 'पासवर्ड चूक' म्हणत होता. विंडोजच्या एक्स्पोर्टमध्ये पासवर्डच्या खाली एन्क्रिप्शनची निवड असते. 'एईएस२५६' ऐवजी 'ट्रिपलडेस' निवडून फाइल पुन्हा काढली आणि पहिल्या झटक्यात गेली. आयटीवाले अशा फाइली बनवायला ओपनएसएसएल नावाचं साधन वापरतात, त्याची ३ ही आवृत्ती २०२१ मध्ये आली, तिने बनवलेल्या फाइलींचंही हेच होतं. तिथे 'लेगसी' हा पर्याय जोडून फाइल बनवावी लागते. ही जुनी पद्धत कच्ची आहे, म्हणून पासवर्ड लांबलचक ठेवा आणि काम झालं की फाइल पुसा, रीसायकल बिनमधूनसुद्धा.

फाइल फोनवर न्यायची ती केबलने किंवा ऑफिसच्या मेलने, पासवर्ड वेगळ्या वाटेने. स्वतःलाच व्हॉट्सॲप करू नका. लोक सर्रास करतात, आणि मग ती किल्ली चॅटच्या बॅकअपमध्ये वर्षानुवर्षं पडून राहते.

यापुढची पायरी तुम्ही मेल कुठल्या ॲपमध्ये वाचता त्यावर ठरते, आणि इथेच बहुतेक जण अडकतात. आयफोनचं स्वतःचं मेल ॲप वापरत असाल तर फाइलवर टॅप करा. 'प्रोफाइल डाउनलोडेड' येईल. मग सेटिंग्जमध्ये जाऊन ती इन्स्टॉल करा. आधी फोनचा पासकोड, मग फाइलचा पासवर्ड. लाल अक्षरांत 'नॉट साइन्ड' दिसतं, ते अपेक्षितच आहे. नंतर त्या मेल खात्याच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन एस/माइमसाठी हे सर्टिफिकेट निवडा. मेल बंद करून पुन्हा उघडलीत की मजकूर आणि पाठवणाऱ्याच्या नावाशी छोटं कुलूप दिसेल.

पण तुम्ही आयफोनवर आउटलुक ॲप वापरत असाल, तर वरचं सगळं करूनही मेल कोरीच राहील. ॲपल आपल्या तिजोरीत ठेवलेलं सर्टिफिकेट दुसऱ्या कंपनीच्या ॲपला देत नाही. आउटलुकची तिजोरी वेगळी. तिथे ऑफिसच्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी'त जाऊन एस/माइम चालू करायचं, आणि पीएफएक्स जोडलेली मेल आउटलुकमध्येच उघडून फाइलवर टॅप करायचं. 'फोनवर सर्टिफिकेट आहे, मग का उघडत नाही' याचं उत्तर दहातल्या आठ वेळा हेच असतं.

अँड्रॉइडवर आउटलुक फोनच्याच सर्टिफिकेट साठ्यातून घेतं, तेव्हा सेटिंग्जमधल्या सुरक्षेच्या भागातून 'व्हीपीएन अँड ॲप युजर सर्टिफिकेट' म्हणून बसवायचं. त्याला स्क्रीन लॉक लागतंच. ऑफिसची ॲप्स बॅगेच्या छोट्या चिन्हासह वेगळी दिसत असतील, तर तो वर्क प्रोफाइल आहे, आणि घरच्या बाजूला बसवलेलं सर्टिफिकेट त्याला दिसत नाही. ते आयटीकडूनच यावं लागतं. घरगुती जीमेल खात्यात एस/माइम नाहीच, तिथे वेळ घालवू नका. पीजीपी, म्हणजे मेल कुलूपबंद करण्याची दुसरी पद्धत, असेल तर गोष्ट वेगळी: अँड्रॉइडवर ओपनकीचेन आणि थंडरबर्ड या ॲप्सची जोडी चांगली चालते. तुम्हाला त्याची गरज नाही, म्हणून इथेच सोडते.

आता एकाहून जास्त सर्टिफिकेटांचं. सर्टिफिकेटची मुदत संपते, नवीन मिळतं, आणि माणूस जुनं काढून टाकतो, कारण समोर 'एक्स्पायर्ड' लिहिलेलं असतं. माझ्या आधीच्या नोकरीत आमच्याकडून एकाच्या लॅपटॉपवर हेच झालं. जुनं सर्टिफिकेट किल्लीसकट पुसलं, बॅकअप कुणी घेतला नव्हता, आणि दीड वर्षाचा पत्रव्यवहार कायमचा बंद झाला. मेल सर्व्हरवर जागच्या जागी होत्या, मोजता येत होत्या, वाचता येत नव्हत्या. मुदत संपली की त्या सर्टिफिकेटने नवीन सही करायची नसते, पण जुन्या मेल उघडायला तीच किल्ली लागते. तेव्हा फोनवर जुनी-नवी दोन्ही घ्या. शिवाय ग्राहकाच्या यादीत अजून तुमचं जुनंच सर्टिफिकेट असेल तर तो आजही त्यानेच कुलूप लावतोय. त्याला नव्या सर्टिफिकेटने सही केलेली एक साधी मेल पाठवा, त्यातून त्याला नवीन मिळेल.

हेच तुमच्या आयटीलाही सांगावं लागेल कदाचित. काही ठिकाणी फोनसाठी आपोआप ताजं सर्टिफिकेट पाठवायची सोय असते, त्यात किल्ली फोनवरच नव्याने तयार होते. वायफाय आणि व्हीपीएनसाठी ते छान. पण लॅपटॉपच्या किल्लीसाठी बंद केलेली मेल त्याने उघडणार नाही. त्यांना म्हणा, 'माझी लॅपटॉपवरची एन्क्रिप्शनची किल्लीच फोनवर हवी आहे, नवीन नको.' इंट्यूनसारख्या, कंपनीचे फोन दुरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेत किल्लीसकट सर्टिफिकेट फोनवर उतरवण्याची सोय वेगळी असते, आणि त्यांनी ती वापरली तर वरचा सगळा खटाटोप तुम्हाला करावाच लागणार नाही.

कुणीतरी तुम्हाला टेंडरवाला डीएससी टोकन, म्हणजे डिजिटल सहीचं यूएसबी, वापरा असं सुचवलंय, ते विसरा. त्या यूएसबीतली खाजगी किल्ली बाहेर निघत नाही, तेच तर त्याचं काम. आणि ग्राहकाने कुलूप लावलंय ते तुमच्या ऑफिसच्या मेलच्या सर्टिफिकेटने, त्या टोकनने नाही.

मेल उघडायला लागली की एक सेटिंग बदला: बाहेरची चित्रं आपोआप उतरवणं बंद करा. २०१८ मध्ये जर्मनी आणि बेल्जियमच्या संशोधकांनी 'ईफेल' नावाने दाखवून दिलं होतं की आतल्या चित्राच्या दुव्यातून उघडलेला मजकूर बाहेर पाठवता येऊ शकतो. मेल ॲप्सनी त्यानंतर दुरुस्त्या केल्या, तरी हे बंदच ठेवलेलं बरं.

आता आधी फक्त ते एक्स्पोर्टचं दुसरं पान उघडून पाहा. 'येस' ठळक आहे की फिकट, आणि फोनवर ॲप ॲपलचं आहे की आउटलुक, एवढं कळवा. तिथून पुढचं एकेक पाऊल सांगते.