माजी विद्यार्थ्यांचा गौरव करायचाय, निवड कशी करावी?

तुमच्या कॉलेजला पन्नास वर्षं होताहेत, दहा माजी विद्यार्थ्यांचा सत्कार ठरलाय आणि कमिटीत वाद पेटलाय: मोठ्या हुद्द्यावर पोचलेल्यांना बोलवायचं की समाजासाठी राबलेल्यांना. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाचा सात वर्षं सचिव होतो. हा वाद आमच्याकडंही झाला आणि पहिली दोन वर्षं आम्ही तो भलत्याच पद्धतीनं मिटवला.

पहिल्या वर्षीची यादी अशी झाली. एकानं तीन देणगीदार सुचवले, दुसऱ्यानं दोन पदाधिकारी घातले, उरलेल्या जागी ओळखीपाळखीचे. चौकात डिजिटल फलक लागला, त्यावर सत्कारमूर्तींपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे. प्रमुख पाहुणे पावणेदोन तास उशिरा आले, मग अकरा सत्कार वीस मिनिटांत उरकले. शाल, श्रीफळ, फोटो, चला पुढचे. रात्रभर बसनं प्रवास करून आलेल्या एका शास्त्रज्ञाचं आडनाव सूत्रसंचालकानं चुकीचं वाचलं आणि त्यांनी ते हसून सोडून दिलं. मला अजून लाज वाटते. जे आलेच नाहीत त्या दोघांची सन्मानचिन्हं ऑफिसच्या कपाटावर धूळ खात पडून होती.

तिसऱ्या वर्षी एकच नियम केला: आधी मानपत्र, मग नाव. ज्याला कुणाचं नाव सुचवायचं असेल त्यानं सोबत मानपत्राच्या सहा ओळी लिहून द्यायच्या. स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही. 'थोर', 'अतुलनीय', 'बहुमोल' हे शब्द बाद. काय केलं, कुठं केलं, किती वर्षं केलं, कुणाच्या उपयोगी पडलं, एवढंच. निम्मी नावं तिथंच गळाली. मोठ्या पगाराच्या माणसाबद्दल सहा ओळी भरेनात आणि 'समाजसेवक' म्हणून मिरवणाऱ्याबद्दल तर दोनही नाहीत. तुमचा करिअर की सेवा हा वाद आमच्याकडं त्या दिवशी बराचसा संपला.

उलट एक नाव असं आलं की कमिटीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडं बी.एस्सी. करून पुढं डी.फार्म. केलेला शिरोळ तालुक्यातला एक औषध दुकानदार. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच ओलांडली होती, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, गावोगावी वीज नाही. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. या गड्यानं दुकानातला फ्रीज ट्रॅक्टरवर घालून उंचावरच्या दूध संस्थेत नेला, कारण तिथं जनरेटर होता. तिथून थर्मासमध्ये घालून नावेतून पलीकडच्या वस्त्यांवर इन्सुलिन पाठवलं. त्याची वही मी स्वतः पाहिली. पेशंटचं नाव, डोस, तारीख. रकमेचा रकाना आखलेला, पण कोराच. हे नाव सुचवलं होतं त्याच्या एका गिऱ्हाईकानं, फुलस्केपवर, बॉलपेननं.

एक खाचखळगा सांगतो, तो आम्हाला फार उशिरा दिसला. आमच्या पहिल्या दोन याद्यांत एकही बाई नव्हती. विरोध कुणाचाच नव्हता. कॉलेजच्या जनरल रजिस्टरला माहेरचं नाव आणि आम्ही शोधतोय सासरच्या नावानं, कशी सापडणार? मग जुन्या निरोपसमारंभांचे ग्रुपफोटो स्कॅन करून व्हॉट्सॲपवर सोडले. 'डावीकडून चौथी कोण?' एवढंच विचारलं. आठवड्यात चाळीसेक जणींचा पत्ता लागला. त्यातली एक जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती आणि दुसरी परदेशात संशोधन करत होती. दोघींचीही मानपत्रं सहा ओळींत मावेनात.

वयाचंही बघा. साठी उलटलेल्यांचीच यादी करू नका. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजला यशवंतराव चव्हाण, माजी उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती अशी नावं इतिहासानंच देऊन ठेवलीत, आपल्यासारख्या साध्या कॉलेजांना माणसं हुडकावी लागतात आणि वेळेत हुडकावी लागतात. कोलंबिया विद्यापीठानं आपले माजी विद्यार्थी डॉ. आंबेडकर यांना एलएल.डी. ही मानद पदवी दिली ती १९५२ साली. तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते, राज्यघटना लागू होऊन दोन वर्षं झाली होती. उलट आपल्याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावची बहिष्कृत वर्गाची परिषद झाली मार्च १९२० मध्ये. अध्यक्ष आंबेडकर, वय अठ्ठावीस, कोलंबियाची एम.ए. झालेली, लंडनचं शिक्षण अर्धवट राहिलेलं. शाहू महाराज तिथं स्वतः गेले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला. म्हणून दहांतल्या दोन जागा चाळिशीच्या आतल्यांसाठी राखा. त्यांना सत्काराचा उपयोग तरी होतो.

बाकी किरकोळ. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांचा सहभागही बघतात, त्यामुळं प्राचार्यांना घाई असणारच. ती त्यांची अडचण, तिच्यापायी यादी पातळ करू नका. देणगीदारांचे आभार जरूर माना, पण वेगळ्या दिवशी, चहा-पोह्यांवर. पाहुणा एकच आणि त्याला शेवटी पाच मिनिटं. प्रत्येक सत्कारमूर्तीला मात्र बोलायला सात-आठ मिनिटं द्या, हे ऐकायलाच पोरं येतात. दहाच्या ठिकाणी सहा जणच झाले तरी चालेल. मानपत्राचं प्रूफ ज्याचं त्यालाच आधी पाठवा, म्हणजे आडनावाचा घोळ होत नाही.

आणि फेटेवाला कार्यक्रमाच्या तासभर आधी बोलवा. आमचा तो औषधवाला फेटा बांधून घ्यायला तयारच नव्हता. 'मी काय नवरदेव हाय काय?' म्हणत खुर्चीत चुळबुळ करत होता. शेवटी फेटेवाल्यानंच त्याला खांद्याला धरून बसवलं. फेटेवाल्याची आई पूरग्रस्त भागातलीच होती, तिलाही याच वहीतलं इन्सुलिन पोचलं होतं म्हणे. पैसे घ्यायला फेटेवाला तयार होईना.